राखेला नाकारलेले कर्ज

बँकेच्या नोकरीत मी किती कर्जे मंजूर केली ते आठवत नाही. नाकारलेले एक मात्र विसरता आलेले नाही. साल 1991. औष्णिक वीजकेंद्राजवळच्या गावातली आमची शाखा. दुपारपर्यंत लेजरवर राखेचा थर बसे. अशा एका दुपारी एक तरुण अर्ज घेऊन आला. त्याला राखेच्या विटा पाडायच्या होत्या.

"साहेब, माल फुकट आहे."

"म्हणूनच त्याला बाजार नाही," मी म्हणालो आणि तसाच शेरा मारला.

1999 मध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत राख मिसळणे बंधनकारक केले. पुढे आपल्याच सह्याद्रीत घाटघरची धरणे उभी राहिली, तीही सिमेंटपेक्षा राख जास्त असलेल्या काँक्रिटची.

तरीही परवा मुलाने घरावर मजला चढवायला घेतला, तेव्हा शेजारी दबक्या आवाजात म्हणाले, "राखेचे सिमेंट घेऊ नका हं, भेसळ असते ती."

भेसळ लपवून करतात. ही राख गोणीवर छापलेली असते. मानकानुसार ती 15 ते 35 टक्के चालते. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते. त्यात इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. राखेने जेवढी जागा घेतली, तेवढे भाजणे वाचते. सिमेंटमध्ये पाणी पडले की चुना मोकळा होतो. राख त्याला धरते, बारीक पोकळ्या बुजवते. काँक्रीट घट्ट होते, पण सावकाश.

खरी मेख या 'सावकाश'मध्येच आहे. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारायचे, तर राखेच्या सिमेंटला किमान 10, शक्यतो 14. आमच्या मुकादमाने चौथ्या दिवशीच पाइप गुंडाळला. उद्या स्लॅबला भेग पडली, तर बोल मात्र राखेला!

राख कामी येते म्हणून कोळसा जाळतच राहावा, असे माझे म्हणणे नाही. पण जी साचली आहे, ती नदीत आणि लोकांच्या छातीत जाण्यापेक्षा भिंतीत गेलेली बरी.

मी पाइप पुन्हा सोडला आणि चौदा दिवस स्वतः स्लॅबवर पाणी मारले. तेवढेच माझ्या हातात होते. त्या तरुणाच्या अर्जावरचा शेरा आता खोडता येत नाही.