राखेतले नाणे

‘जादुई वास्तववाद’ ही संज्ञा मराठीच्या वर्गांतून फार सैलपणे वापरली जाते. कथेत मेलेला माणूस बोलला, की विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ती लिहून मोकळे होतात.

गॅब्रिएल झेविन यांची ‘एल्सव्हेअर’ (2005) ही किशोरवयीनांसाठीची इंग्रजी कादंबरी घ्या. टॅक्सीच्या धडकेत गेलेली पंधरा वर्षांची लिझ जहाजातून परलोकी पोचते. तिथे वय उलटे सरकते आणि शेवटी जीव तान्हे मूल होऊन पृथ्वीवर परततो. दुर्बिणीत नाणे टाकले, की मागे राहिलेले आपले घर पाहता येते. कल्पना रम्य आहे, लिझचे दुःखही खरे आहे. पण या परलोकाला नियम आहेत, कचेऱ्या आहेत, आणि ते सारे लिझला (म्हणजे वाचकाला) समजावून सांगितले जाते. ही अद्भुतिका झाली. हुआन रुल्फोच्या ‘पेद्रो पारामो’त (1955) कोमाला गावचे मृत नुसते बोलत राहतात, परलोकाची नियमावली तिथे कोणी वाचून दाखवत नाही.

आम्हाला रुल्फोच्या जवळचे वाटते ते आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरचे पैठण. श्राद्धाचे अन्न नाथांनी आधी अस्पृश्यांना वाढले म्हणून ब्रह्मवृंद रुसला, तेव्हा पितर स्वतःच उतरून पानावर बसले, ही कथा महिपतीने सांगितली आहे. पितर कसे आले याची त्याला फिकीर नाही. धर्मशास्त्राचा वाद मृतांनी जेवून मिटवला, एवढे पुरे. अर्थात महिपतीच्या लेखी हे भक्तीतले सत्य होते, वाङ्मयीन युक्ती नव्हे. तेव्हा इथेही ही संज्ञा जपूनच वापरावी.

बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ ही कादंबरी याच पैठणच्या गोदाकाठी घडते. भानुदास हा मुलगा पात्रातली राख चाळून तीत नाणी शोधतो. लिझ मृतांच्या बाजूने नाणे टाकून जिवंतांना पाहते. भानुदासला मृतांच्या राखेतून जगण्यापुरते नाणे हवे असते. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरली, असे मानणारा घाट आणि पितर जेवल्याची आख्यायिका, दोन्ही हाताशी असताना भांड यांनी अद्भुताला जवळ केले नाही. आमच्या मते त्यांनी योग्य केले. पितर उतरले असते तर घाटावरच्या दक्षिणेचा हिशेब त्यांनीच चुकता केला असता आणि भानुदासच्या चाळणीकडे कोणी पाहिले नसते.

कादंबरीवरचा चित्रपट 2017 साली प्रदर्शित होताना पैठणच्या काही पुरोहितांनी त्याला विरोध केला. पितर पंगतीला बसवणाऱ्या कथेला आज असा विरोध झाला असता, असे आम्हाला वाटत नाही.