शिकण्याची वेळ टळून गेली काय?

“आता या वयात नवे काय शिकायचे?” हा प्रश्न कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील भातशेतकऱ्यांच्या तोंडी वारंवार येतो. तो विचारणारा मनुष्य बहुधा आळशी नसतो. मुलगा पहाटेची लोकल धरून डोंबिवली-ठाण्याकडे नोकरीस गेलेला, शेजारच्या शिवारात इमारतींच्या आखणीचे खांब रोवलेले आणि पावसाच्या येण्याजाण्याचा नेम राहिलेला नाही, अशा स्थितीत तो चार-दोन खाचरे सांभाळून असतो. ‘उमेद धरा, नव्याचा स्वीकार करा’ असे भाषण त्यास ऐकविल्याने काही साधत नाही. उमेद अशी वाटता येत नाही. एखादी लहानशी गोष्ट स्वतःच्या हाताने जमली म्हणजे ती मागाहून येते. याचे ठाणे जिल्ह्यातील बोलके उदाहरण नांगराचे नव्हे, पाटी-पेन्सिलीचे आहे.

मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहान गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. त्या वर्षीच्या शिवजयंतीच्या सुमारास गावात वाचन चालले असता, आपल्यालाही वाचता आले असते तर किती बरे झाले असते, अशी खंत काही वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविली. प्राथमिक शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली आणि मोतीराम दलाल न्यासाच्या साहाय्याने शाळा उभी केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस विद्यार्थिनी, गुलाबी साडीचा गणवेष, पाठीशी दप्तर आणि हाती पाटी. बालपणी बहुतेकींना शाळेचा उंबरठा दिसला नव्हता. कागदावर अंगठा उठविणारे हात तेथे सही करू लागले.

या शाळेचे कौतुक पुष्कळ झाले. छायाचित्रे तर जगभर गेली. परंतु ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने तिच्याकडे कौतुकाने नव्हे, तर धंद्याच्या दृष्टीने पाहावयास हवे. वर्ग भरे दुपारी दोन ते चार या वेळात, म्हणजे घरची व शेतावरची कामे आटोपल्यावर. शिकविणारी बाहेरून आलेली कोणी विदुषी नव्हती. ती गावातलीच सून, आणि तिची सासूही विद्यार्थिनींच्या रांगेत बसलेली. काय शिकावयाचे हे कोणत्या कचेरीने ठरविले नव्हते. पोथी वाचण्याची इच्छा विद्यार्थिनींची स्वतःची होती. शिवाय रांगेतील सर्वच जणी सारख्या चुकणाऱ्या असल्याने कोणी कोणास हसण्याचे कारण उरले नाही. प्रौढ मनुष्य शिकण्यास भितो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, चारचौघांत हसे होईल म्हणून. शेतकऱ्यांच्या सभेत ‘ही साधी गोष्टही तुम्हांला ठाऊक नाही?’ असे जो बोलतो, तो त्या दिवसापुरता नव्हे, तर कित्येक हंगामांपुरता आपला रस्ता बंद करतो.

कोसबाडच्या अनुताई वाघ यांचे नाव येथे सहज आठवते. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. बालपणी विवाह, बालपणीच वैधव्य, आणि पदवी घेतली ती पन्नाशी उलटल्यावर, १९६१ साली. ताराबाई मोडक व अनुताई यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे मूल शाळेत येत नाही तर शाळाच कुरणावर नेली.

आता हाच विचार भातखाचरात नेऊन पाहावा. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती कोकणात नवी राहिलेली नाही. रोपवाटिकेत तुसाची राख, खाचरात गिरीपुष्पाचा पाला, खुणेच्या दोरीवर २५ व १५ सेंटिमीटरच्या आलटूनपालटून अंतराने लावणी, आणि लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे. खत पाण्याबरोबर वाहून जात नाही, हा तिचा मोठा लाभ. असे असूनही अनेक ठिकाणी प्रात्यक्षिकानंतर दोरी पडवीत टांगलेली राहते. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. सभा भरते ती बहुधा पुरुषांची. चिखलात दिवसभर वाकून लावणी करतात त्या स्त्रिया. ज्या हातांनी अंतर राखावयाचे, त्या हातांना ते कोणी दाखविलेलेच नसते. पहिल्या दिवशी दोरीने काम रेंगाळते, मजुरी अंगावर येते, आणि दुपारपर्यंत सर्वांचा धीर सुटतो. ही अडचण खरी आहे. ती लपवून ठेवणारा कार्यकर्ता विश्वास गमावतो. पहिल्या वर्षी एक-दोन गुंठ्यांपलीकडे आग्रह धरू नये, हेच शहाणपणाचे.

अपयशाच्या वेळी आनंदी राहा, असे सांगण्याची अलीकडे फारच चाल पडली आहे. उल्हास नदीला पूर येऊन ज्याची रोपे कुजली, त्याने कोणत्या गोष्टीने आनंदी व्हावे? त्याच्या उपयोगी पडते ते वेगळेच: पेरणीच्या वेळी थोडे बियाणे मागे ठेवण्याची सवय आणि रहू पद्धतीची माहिती. बियाण्यास मोड आणून ते चिखलणी केलेल्या खाचरात फेकता येते. लावणीसाठी रोपांची वाट पाहावी लागत नाही. दिवस किती उरले ते पाहून हळवी जात निवडली, तर हंगाम सर्वस्वी बुडत नाही. ज्यास ही दुसरी वाट ठाऊक असते, तो कपाळाला हात लावून बसत नाही. जुन्या शेतकऱ्यांना ही पद्धत ठाऊक आहे, तेव्हा येथे शिकणारा तरुण कार्यकर्ता असावा व शिकविणारा सत्तरीचा शेतकरी असावा, हेही योग्यच होईल. राब भाजण्यामागील कारण शोधण्यासाठी हॅरोल्ड मॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकांच्या वहिवाटीचा अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला होता. शेतकऱ्याची रीत समजून घेण्यात त्या शास्त्रज्ञांना कमीपणा वाटला नाही.

येत्या मृगापूर्वी सभेची वेळ ठरविताना, हात केव्हा मोकळे होतात हे आधी लावणी करणाऱ्या स्त्रियांना विचारावे. सभा चावडीऐवजी एखाद्या अंगणात घ्यावी, खुणेची दोरी बरोबर न्यावी, आणि कोरड्या जमिनीवर काटक्या रोवून अंतर त्यांच्याच हातून धरवून घ्यावे. गावात मागील वर्षी हे केलेली एखादी बाई असेल, तर दोरीचे एक टोक तिच्या हाती देऊन कार्यकर्त्याने दुसरे टोक धरावे.