नस जोडली, पण कोणती?

मोटारसायकलवरून पडलेला पंचविशीतला तरुण अपघातानंतर तब्बल चौदा महिन्यांनी आमच्या ओपीडीत आला. डावा हात खांद्यापासून लोंबत होता. वडिलांनी फाईल पुढे केली आणि विचारले, ‘डॉक्टरसाहेब, नस तर तेव्हाच जोडली होती. मग हात अजून उचलत का नाही?’

गोंधळ शब्दाचा होता. रक्त नेणाऱ्या नळीला आपण नस म्हणतो आणि मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूलाही नसच म्हणतो. त्या रात्री जोडली होती ती धमनी. मज्जातंतू तुटलेलेच होते. घरचे वर्षभर मालिश करत वाट पाहत राहिले. त्यांना दोष कसा देणार? डिस्चार्ज कार्डावर मज्जातंतूंविषयी एक ओळही नव्हती.

हाताची हालचाल मानेतून निघणाऱ्या पाच मज्जातंतूंच्या जाळ्यावर चालते. दुचाकीवरून पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, की हे जाळे ताणले जाते, तुटते किंवा मुळापासून उपटते. त्याला लागूनच, कॉलरबोनखालून हाताची मुख्य धमनी जाते. झटका मोठा असेल तर तीही फाटते. अशा वेळी आधी धमनी जोडतात, ते योग्यच आहे. साधारण सहा तासांत रक्त पोहोचले नाही तर स्नायू मरू लागतात. चूक होते ती पुढे. हात वाचला या समाधानात मज्जातंतू विसरले जातात.

दुरुस्त केलेला मज्जातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. दंडापर्यंत पोहोचायलाच कित्येक महिने लागतात. तोवर हुकूम न मिळालेला स्नायू सुकत जातो आणि वर्ष-दीड वर्षानंतर पुन्हा कामाला लागत नाही. म्हणून ही शस्त्रक्रिया शक्यतो तीन ते सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते.

या तरुणाची ती वेळ टळली होती. अशांसाठी नवा स्नायू आणण्याचा मार्ग उरतो. मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रॅसिलिस हा लांबट स्नायू काढला तरी चालण्यात विशेष फरक पडत नाही. तो त्याच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूसह काढून वर कॉलरबोनला आणि खाली कोपराशी शिवतात. हुकुमासाठी खांदा उचलणारा किंवा बरगड्यांमधला मज्जातंतू उसना घेतात. बरगड्यांमधला घेतला, तर सुरुवातीला रुग्णाने खोल श्वास घेतला की कोपर वाकते! पुढे सरावाने मेंदू नवी वाट शिकतो. जपानचे डॉ. काझुतेरू दोई यांनी १९९० च्या दशकात असे दोन स्नायू बसवून बोटांची पकडही मिळवून दाखवली.

पण या नव्या स्नायूलाही रक्त हवे. ते सहसा ज्या धमनीच्या फांदीवरून घेतात, तीच धमनी अपघातात फाटलेली असेल तर? हात गरम आहे म्हणून आतला प्रवाह चांगला आहे, असे धरून चालत नाही. आमच्या रुग्णाच्या सीटी अँजिओग्राफीत जुनी जोड बंद पडलेली दिसली. हात आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर तगून होता. मानेतली एक धमनी मात्र चांगली वाहत होती. आमच्या प्लास्टिक सर्जन सहकाऱ्यांनी तिच्यावर स्नायू जोडला. म्हणजे धमनीला इजा झाली म्हणून हा मार्ग आपोआप बंद होत नाही. आधी नकाशा मात्र नीट पाहावा लागतो.

हात पूर्वीसारखा होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. कोपर वाकून पिशवी अडकवता येणे, हेच मोठे यश. त्यासाठीही अनेक महिने व्यायाम लागतो. वेळेत आला असता तर त्याच्यापुढे याहून अधिक पर्याय असते.

म्हणून डॉक्टर मित्रांना विनंती : कोणती धमनी जोडली, जोडीसाठी शीर कुठून घेतली आणि मज्जातंतूंची स्थिती काय, हे डिस्चार्ज कार्डावर लिहा. आणि नातेवाइकांनो, रुग्णालय सोडण्यापूर्वी विचारा, ‘रक्ताची नस जोडली, हालचालीची तपासली का?’ तीन-चार आठवड्यांत हात हलला नाही तर मज्जातंतूंची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मालिश करत वर्ष घालवू नका.