१९६२ आणि १९२६ यांच्या मधला पोपट

ऊन तापू लागले की पंख्याला धडकलेले पोपट दवाखान्यात येऊ लागतात. यवतमाळ जिल्ह्यात मार्चपासून पंखे आणि कूलर रात्रंदिवस सुरू असतात. पोपटाची वीणही फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास असते, त्यामुळे ढोलीतून काढलेली पिले याच दिवसांत घरोघर पोचलेली असतात. पिंजऱ्यातून मोकळे सोडलेले पोर पहिल्यांदा भरारी घेते आणि सरळ पात्यांत जाते, नाहीतर शेजारच्या मांजरीच्या तावडीत सापडते. या महिन्याच्या टपालात राळेगाव आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांत तक्रार एकच आहे, पक्षी तेवढे वेगवेगळे. घरधनी पशुसंवर्धन खात्याची १९६२ ही हेल्पलाइन लावतो, तेव्हा हा वन्यपक्षी आहे, वनखात्याला कळवा असे उत्तर येते. वनखात्याची १९२६ लावतो, तर आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्या म्हणतात. दवाखान्यात आपल्यापैकीच कोणीतरी पशुवैद्यक सांगतो, हा वन्यजीव कायद्याच्या शेड्यूलमधला आहे, वनखात्याचे पत्र असल्याशिवाय हात लावणार नाही. दोन हेल्पलाइनच्या शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल आहे, एवढाच काय तो दोन्ही खात्यांतला समन्वय! तोवर बुटाच्या खोक्यातला पक्षी सहा तास तोंड उघडे ठेवून श्वास घेत असतो.

या फेऱ्यात वनखात्याचा दोष आहेच, त्याचा समाचार पुढे घेऊ. पण आधी आपल्या दाराशी काय चालते ते पाहू. ‘कायद्याने उपचार करता येत नाही’ हे वाक्य आपल्या व्यवसायात इतके रुळले आहे की ते कुठल्या कलमात लिहिले आहे, असे कोणी विचारतही नाही. ते कुठल्याच कलमात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ पकडण्याला, मारण्याला, इजा करण्याला, बाळगण्याला आणि विकण्याला मनाई करतो. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि कंठवाला पोपट जुन्या चौथ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत आला. सर्वसाधारण उल्लंघनाचा दंड पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेला, तीन वर्षांपर्यंतची कैद आहेच. हे सगळे पाळणाऱ्यासाठी. मोडलेल्या पंखाला पट्टी बांधणाऱ्याला शिक्षा सांगणारी ओळ त्यात नाही. उलट, ज्याच्या हाती प्राणी आहे त्याने त्याची काळजी घ्यावी आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ देऊ नयेत, असे प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० चे तिसरे कलम बजावते. आणि ज्याची आपल्याला धास्ती, त्या १९७२च्या कायद्यातले कलम ३९ तर मुदतच देते. असा प्राणी ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे आहे. ४८ तास! मांजरीने चावलेल्या पक्ष्याला प्रतिजैविक मिळायला हवे पहिल्या काही तासांत. कायद्याने सवड ठेवली होती, ती आपण पत्राची वाट पाहण्यात घालवतो.

माणसांच्या वैद्यकात हा वाद १९८९ सालीच मिटला. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तावर उपचार आधी आणि पोलिसांचे सोपस्कार नंतर, असे स्पष्ट सांगितले. तो निकाल माणसांपुरता आहे आणि पोपटाला तो तसाच लावता येणार नाही, हे मान्य. पण त्यामागचा विचार कुठल्याही दवाखान्याला लागू पडतो. रुग्ण कसा जखमी झाला याचा तपास दुसऱ्या खात्याचा आहे आणि तपास होईपर्यंत रुग्ण जिवंत राहावा लागतो.

यावर आपलेच काही सभासद म्हणतील, उपचार करत गेलो तर पोपट पाळणाऱ्यांना रान मोकळे होईल. हा आक्षेप वरवर जबाबदारीचा वाटतो, पण अनुभव उलटा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये शेजारच्या छत्तीसगडात वनखात्याने घरोघरचे पोपट सात दिवसांत बिलासपूरच्या कानन पेंडारी प्राणिसंग्रहालयात आणून देण्याचे फर्मान काढले आणि काही दिवसांतच घरगुती पोपटांपुरती कारवाई थांबवली. इतके पक्षी ठेवायचे कुठे आणि सोडायचे कसे, याचा विचार फर्मान निघाल्यावर सुरू झाला. धाकाने पाळणे थांबत नाही, दवाखान्यात आणणे मात्र थांबते. मग घरीच जखमेत हळद आणि खोबरेल तेल भरले जाते, तेलाने पिसे चिकटून पक्ष्याची ऊब जाते. बेशुद्ध पडलेल्याच्या चोचीत चमच्याने पाणी ओततात, ते फुप्फुसात उतरते. आपल्याकडे येतो तो तिसऱ्या दिवशी, पंख सडून. कायदा समजावून सांगण्याची खरी संधी मालक समोर उभा असतो तेव्हाच असते, आणि नेमके तेव्हाच आपण त्याला हाकलतो. कायद्याने चालायचे तर विदेशी आफ्रिकन ग्रे बाळगणाऱ्याला २०२४च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी करून मोकळे होता येते. पिंपळाच्या ढोलीतल्या आपल्या मिठ्ठूला मात्र नोंदणीची कुठलीच वाट नाही. हा भेद धोरण म्हणून बरोबर आहे, कारण तो स्थानिक पक्ष्याला जंगलात ठेवण्यासाठी आहे. पण दारात आलेल्या माणसाला तो कोणी समजावून सांगतो का? आणि लव्हबर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या बजरीगरला यातले काहीच लागू नाही, हे तरी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे का? पत्रांवरून तसे दिसत नाही. हिरवा पक्षी दिसला की हात मागे, अशी सरसकट पद्धत पडली आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: आम्ही गाईगुरांचे डॉक्टर, पक्ष्यांचे शिक्षण किती झाले? खरे आहे, कोंबडी सोडली तर पदवीच्या वर्षांत पिसांशी आपला फारसा संबंध आला नाही. पण तालुक्याच्या दवाखान्यात जे लागते ते हाडांची शस्त्रक्रिया नव्हे. लागते ते वजन, ऊब, अंधार आणि हिशेब. कंठवाला पोपट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, अंगात रक्त दहा-बारा मिली. दीड-दोन मिली रक्त जमिनीवर दिसले तर तो आधीच धोक्यात आहे, म्हणून आधी रक्त थांबवायचे. तुटलेल्या कोवळ्या पिसातून ते वाहत असेल तर दाबून धरायचे, नाही थांबले तर पीस मुळापासून उपटायचे. धरताना छातीवर बोटे आवळायची नाहीत. पक्ष्याला मध्यपटल नसते, उरोस्थी हलली नाही तर श्वासच बंद. पंखाला आठाच्या आकड्याची पट्टी बांधावी, पण दहा-बारा दिवसांपलीकडे ठेवू नये, नाहीतर पंखाची त्वचा आखडते आणि हाड जुळूनही पक्षी उडत नाही. दंडाचे हाड हवेच्या पिशवीला जोडलेले असते, त्यामुळे तिथल्या उघड्या जखमेत सलाइन मारणे म्हणजे श्वसनमार्गात पाणी सोडणे. आता हिशेब. मेलॉक्झिकॅम किलोला अर्धा मिग्रॅ धरले तर १२० ग्रॅमच्या पोपटाला ०.०६ मिग्रॅ हवे. आपल्या कपाटातली जनावरांची बाटली मिलीला ५ मिग्रॅची, म्हणजे डोस ०.०१२ मिली, चाळीस युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर अर्धी रेघही भरत नाही. म्हणून ०.१ मिली औषधात ०.९ मिली सलाइन मिसळा आणि त्यातले ०.१२ मिली द्या. एवढ्या गुणाकाराला पदव्युत्तर पदवी लागत नाही. मेलॉक्झिकॅमच का, हे गिधाडांनी आपल्याला शिकवले आहे. डायक्लोफिनॅक २००६पासून जनावरांसाठी बंद आहे, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक २०२३पासून. आणि कृपा करून सवयीच्या हाताने स्ट्रेप्टोपेनिसिलिन टोचू नका. त्यातले प्रोकेन एवढ्याशा पक्ष्याला विष आहे. आपल्या दवाखान्यांत दगावलेल्या पक्ष्यांपैकी काही जखमेने गेले नसतील, असे म्हणायला जागा आहे.

बर्ड फ्लूचा मुद्दा काढणाऱ्यांना मात्र हलक्यात घेता येणार नाही. जानेवारी २०२५मध्ये उदगीरला कावळे मेले, त्याआधी डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात वाघ आणि बिबट्या दगावले, ते याच विषाणूने. पण त्याचे उत्तर हातमोजे, मास्क, वेगळे टेबल आणि त्या दिवशी कुक्कुटशेडवर न जाणे हे आहे. एकटा पोपट पंख्याला धडकून आला आणि घरात दुसरा कुठला पक्षी आजारी नाही, तर भीतीचे कारण कमी. चार-पाच पक्षी जखम नसताना सुस्त पडले असतील तर तो वेगळा विषय, तेव्हा वर कळवायलाच हवे. दोन्ही प्रसंगांत पक्षी पाहावा लागतो.

आता वनखाते. राळेगाव तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटीच्या जंगलात टी-१ वाघीण मारली गेली, त्यानंतर वन्यप्राण्याला सुई कोणी आणि कशी टोचायची यावर दिल्लीपर्यंत काथ्याकूट झाला, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४च्या भंगाचाही मुद्दा आला. वाघिणीच्या वेळी पशुवैद्यकाचा कायदा आठवला, मग पोपटाच्या वेळी पशुवैद्यकाला साधे लेखी संरक्षण द्यायला काय हरकत आहे? बाळगलेला पोपट सरकारी मालमत्ता आहे, असे कलम ३९ सांगते. ठीक. मग त्या मालमत्तेला दाणापाणी कोणी द्यायचे, जोडलेल्या पंखासह ती ठेवायची कुठे? नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, काम चांगले आहे, पण राळेगावहून ते शंभर किलोमीटरपलीकडे. मोडलेल्या पंखाचा पक्षी मे महिन्यात एस.टी.ने तिथवर न्यायचा का? पाठीचा कणा मोडलेल्या, बरा न होणाऱ्या पक्ष्याला वेदनेतून सोडवायचे म्हटले तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११प्रमाणे प्राधिकृत अधिकाऱ्याचा सकारण लेखी आदेश हवा. वाघाबिबट्यासाठी ही तरतूद हवीच. पण आदेश येईपर्यंत पोपट स्वतःच फाइल बंद करतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सुटकेची घाई. पिलापासून डाळ-मिरचीवर वाढलेला, जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियमअभावी ठिसूळ हाडांचा, स्वतः दाणा शोधता न येणारा पोपट पंचनामा करून आकाशात सोडला की कागदावर ती ‘मुक्तता’ होते. ज्याच्या पंखाला आपण दहा दिवस पट्टी बांधली त्याला असे सोडताना एकदा तरी पशुवैद्यकाला विचारावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

मागणी साधी आहे. पशुसंवर्धन आणि वन या दोन्ही विभागांनी मिळून एक पानाचे परिपत्रक काढावे. अनुसूचीतला जखमी पक्षी कोणीही आणला तरी नोंदणीकृत पशुवैद्यकाने प्रथमोपचार करावेत, त्याबद्दल त्याला विचारणा होणार नाही. ४८ तासांत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला छायाचित्रासह कळवावे, व्हॉट्सॲपवर कळवलेले ग्राह्य धरावे. बरा न होणाऱ्या छोट्या पक्ष्याबाबतचा आदेश परिक्षेत्र पातळीवरच त्याच दिवशी मिळावा. परिपत्रक येईल तेव्हा येईल. तोवर एक फरक सगळ्यांनी लक्षात ठेवावा: टेबलावर उपचार करून पक्षी परत दिलात तर ताबा मालकाचाच, कळवण्याची जबाबदारीही त्याची, आणि ती त्याला तोंडावर सांगून केसपेपरवर तसे लिहा. रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलात तर ताबा तुमचा आणि ४८ तासांचे घड्याळ तुमच्यासाठी सुरू. दोन्ही वेळा पक्ष्याचे नाव खरे लिहा. नोंदवहीत पोपटाच्या जागी ‘कोंबडी’ लिहून सुटका करून घेणारे आपल्यात आहेत. त्यांच्यामुळेच वर विचारणा झाली की ‘तुमच्याकडे असे रुग्ण येतातच कुठे’ असे उत्तर ऐकावे लागते.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येक दवाखान्यात एवढे सामान टेबलाखाली ठेवाच: ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, इन्सुलिनच्या दहा सिरिंज, चिकटपट्टी, भोके पाडलेले एक खोके, त्याखाली ठेवायला गरम पाण्याची बाटली. चारपाचशे रुपयांत होते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. आणि १ मार्चपासून आलेल्या प्रत्येक जखमी पक्ष्याची नोंद, मालकाचे नाव झाकून, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा: जात, वजन, जखम, आणायला लागलेला वेळ, काय दिले, पुढे काय झाले. मेलेले पक्षीही लिहा. त्या नोंदींचे बाड घेऊन नागपूरला दोन्ही खात्यांच्या साहेबांसमोर बसायचे आहे, रिकाम्या हाताने जायचे नाही.