शेळी व्यायच्या आधी हप्ता

उस्मानाबादी शेळी गाभण राहिली की पाच महिन्यांनी विते. बऱ्याचदा जुळी पिल्लं होतात, म्हणून तर या जातीला मागणी. पण बोकड बाजारात न्यायच्या लायकीचा व्हायला आणखी सहा-आठ महिने जातात. शेळीसाठी फायनान्स कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचा पहिला हप्ता मात्र फार तर महिन्याभरात दारात उभा राहतो. मधले वर्षभराचे हप्ते येतात बाईच्या खुरपणीच्या मजुरीतून, आणि मजुरी नसली की दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. धाराशिव जिल्ह्यातल्या छोट्या कर्जांचं निम्मं दुखणं इथेच आहे.

लोहारा तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला बसले होते. समाजमंदिरात सतरंजी, मध्ये लोखंडी पेटी. हजेरी झाली, बचत जमा झाली. एकीनं शेळ्यांसाठी पन्नास हजार मागितले. गावातल्याच सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "चाऱ्याचं काय करतीस? बोअरला पाणी कवापतूर पुरतंय? अन् फायनान्सचं हप्तं किती चालू हायेत?" बाई गप्प. मग हळूच म्हणाली, "दोन हायेत, ताई." ते फिटेपर्यंत गटाचे वीसच हजार घ्यायचे ठरलं. शिवाय पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायची, हेही वहीत लिहिलं गेलं.

अशा सूक्ष्म कर्जांसाठीचे रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम चांगले आहेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण मिळतं, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण वाशी-कळंबकडच्या ऊसतोड कुटुंबानं मुकादमाकडून घेतलेली उचल कुठल्या सिबिलमध्ये दिसते? ती सीआरपी ताईंना माहीत असते, महिला आर्थिक विकास महामंडळाच्या सहयोगिनीला माहीत असते.

बायकांनीच बायकांची ऐपत जोखायच्या या कामाची मुळं याच मातीत आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. भिंत मजबूत कशी करायची, अनुदान कसं मिळवायचं, हे त्या दारोदार समजावून सांगत. दुरुस्ती संपली तरी या बायका घरी बसल्या नाहीत. त्यांनी बचत गट बांधले, आणि पुढे सखी समुदाय कोष ही कर्ज देणारी संस्थाही उभी राहिली. प्रेमाताई 2022 मध्ये गेल्या. ज्या बाईनं पडक्या घरासमोर उभं राहून शेजारणीला धीर दिला, तिलाच शेजारणीची ऐपत नेमकी कळते, हे त्यांनी ओळखलं होतं.

खासगी कंपन्यांची मोटारसायकलवरून फिरणारी पोरंही याच गावांतली, शेतकऱ्यांचीच. त्यांना माया नसते असं नाही. पण त्यांचं मोजमाप वसुलीच्या टक्क्यावर होतं, बाईचा एक हप्ता चुकला तर बोलणी त्यांना बसतात. मग पाणी कधीपर्यंत पुरेल, हे विचारायला सवड कुठून मिळणार?

राज्य सरकारनं 2023 मध्ये 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या सीआरपींचं मानधन महिन्याला 3 हजारांवरून 6 हजार केलं. दिवसाला ते 200 रुपये पडतात. खुरपणीची मजुरीही आज त्याहून जास्त आहे. हे मानधन वाढवावं आणि वेळेवर द्यावं. कंपन्यांनी शेळीच्या कर्जाचा मोठा हप्ता बोकड विकायच्या महिन्यात लावावा, आणि तो महिना कोणता हे गावातल्या बाईला विचारावं.