फवारणाऱ्याचीही नोंद हवी

मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,


मोशी ओलांडून नाशिक रस्त्याने चाकणकडे जाताना कुरुळी लागते. सगळीकडे कारखाने उठले, तरी खेड तालुक्यात कांदा-बटाटा पिकतोच आणि त्यावर औषधही मारलं जातं. पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल. फवारणारा पुष्कळदा शेताचा मालक नसतो. पंपामागे मजुरी घेऊन तो आज या शेतात, तर उद्या त्या. अतिविषारी औषधाचा, लाल त्रिकोणाचा डबा बांधावर राहतो, फवारा याच्या अंगावर येतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. माणसं डोळ्यांदेखत गेली म्हणून विशेष तपास पथक नेमलं गेलं. फवारणीतून कर्करोग झालाच, तर तो मात्र कित्येक वर्षांनी उघड होतो. तोवर कोणतं औषध, किती हंगाम मारलं, हे सांगणारा कागद उरत नाही.

उदाहरणार्थ, कीटकनाशकांमुळे हाडाचा कर्करोग होतो, असं आज ठामपणे म्हणता येत नाही, आणि तसं म्हणून लोकांना घाबरवूही नये. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या काही अभ्यासांत युइंग सार्कोमा हा हाडाचा कर्करोग झालेल्या मुलांच्या आईवडिलांत शेतीकाम करणारे अधिक आढळले. पण हा आजार इतका दुर्मीळ की रुग्णसंख्या तोकडीच पडते. अस्थिमज्जेच्या मायलोमा या कर्करोगाबाबत पुरावा अधिक बोलका आहे. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनात १९९३ पासून फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ८९ हजार लोकांचा मागोवा घेतला जातोय. त्यातल्याच फवारणी करणाऱ्या पुरुषांत मायलोमाची पूर्वावस्था सर्वसाधारण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालं. असे दुवे शोधता येतात, कारण प्रत्येकाला सुरुवातीलाच विचारलं होतं: काय मारलंत, किती वर्षं?

हा प्रश्न महाराष्ट्राला अवघड नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी आपलंच खातं बागांची नोंदणी करतं, बागायतदार प्रत्येक फवारणी लिहून ठेवतो, औषधाचा उर्वरित अंश प्रयोगशाळेत तपासला जातो. द्राक्षासाठी जे जमतं, ते माणसासाठी जमलंच पाहिजे.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी आहे. तिथल्या अनुभवी मंडळींना सोबत घ्या. गावोगावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे फवारणी करणाऱ्या मजुरांची वही द्या, तीत औषधाचं नाव आणि हंगाम लिहा, आणि ती वही प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडा. येत्या खरिपात सुरुवात खेड तालुक्यापासून करावी, ही विनंती.

कळावे.
कुरुळी, ता. खेड, जि. पुणे