शेतातलं शास्त्र : धूळ आपोआप उठत नाही

वैशाखातली दुपार. रेणापूरच्या शिवारात तूर-हरभरा निघून रानं मोकळी झालेली. अशात वावटळ येते, मातीचा खांब उभा राहतो आणि घरोघरी हंड्या-घागरींवर झाकणं पडतात. वारा सुटला की धूळ उडायचीच, असं आपण म्हणतो. पण ते अर्धंच खरं.

घरातला पंखा बघा. दिवसभर गरगर फिरतो, तरी पात्यावर धूळ बसलेलीच. ती उडून का जात नाही? कारण कुठल्याही पृष्ठभागाला लगटून हवेचा एक पातळ, संथ थर असतो. बारीक धूळ त्याच्या आडोशाला बसते. शिवाय कण पात्याला आणि एकमेकांना चिकटलेले असतात. गाडीवाटेवरचा फुफाटाही वाऱ्यात निवांत पडून असतो. गुरं त्यावरून गेली, की मग उठतो.

राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरनं वाळवंटात आणि प्रयोगशाळेत याचा अभ्यास केला व १९४१ साली पुस्तक लिहिलं. खडे हलवणाऱ्या वाऱ्यातही सिमेंटची सपाट पसरलेली पूड जागची हलली नाही, असं त्यांना दिसलं.

मग रानातली धूळ उठवतं कोण? रव्याएवढे कण! वारा सरळ वाहत नाही. त्यात झोत असतात, भोवरे असतात. ते जमिनीपर्यंत घुसतात आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे कण उचलतात. हे कण फार वर जात नाहीत. बहुतेक फूटभर उंचीच्या आतच टुणटुण उड्या मारतात. पण पडताना जमिनीवर आदळतात आणि चिकटलेली धूळ मोकळी करतात. एकदा मोकळी झाली, की भोवरे तिला वर चढवतात. इतकी हलकी, की लवकर खाली येत नाही.

यात जातं काय? मातीतला सर्वांत बारीक, कसदार भाग. अमेरिकेत गवताळ माळ नांगरले गेले, वर दुष्काळ पडला, आणि मे १९३४ मध्ये तिथली माती उडून थेट न्यूयॉर्कपर्यंत गेली. आपल्याकडं वाऱ्यापेक्षा पाण्यानं माती जास्त जाते, हे खरं. पण वाऱ्याला अडवणारे उपाय पाण्यालाही अडवतात.

म्हणून उन्हाळ्यात कोरड्या रानात रोटाव्हेटर मारून मातीचं पीठ करू नका. नांगरट केली तर ढेकळं तशीच राहू द्या. उड्या मारणारे कण त्यांच्यामागं अडकतात. वळवाच्या पावसानं ढेकळं विरघळली, की वखराची पाळी द्या. तास शक्यतो वाऱ्याला आडवे घ्या, मात्र उताराला धरून नव्हे. तुरीची, ज्वारीची धसकटं वेचून पेटवू नका. वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर झाडांची ओळ असली, तर तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो.

अंगण झाडण्याआधी आपल्या आयाबाया पाणी शिंपडतात, कारण ओल कणाला कण धरून ठेवते. अख्ख्या रानाला सडा घालणं काही होत नाही. तिथं ढेकळं आणि धसकटं हाच सडा समजा.